बंदी कागदावर, पारा गालावर

पारा हा विषारी धातू आहे आणि तोंडाला लावायच्या क्रीममध्ये तो घालण्यास आपल्या देशात कायद्याने मनाई आहे. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी डोळ्यांभोवती लावायच्या प्रसाधनांत नकळत राहून गेलेला पारा दहा लाख भागांत सत्तर भागांपर्यंत चालवून घेतला आहे. इतर सर्व प्रसाधनांत, तोही नकळत राहिलेला असेल तरच, दहा लाख भागांत फक्त एक भाग. म्हणजे एक क्विंटल मलम घेतले तर त्यात ग्रॅमचा दहावा हिस्सा, त्याहून अधिक नाही. तराजूच्या भाषेत सांगायचे तर ही जवळजवळ पूर्ण बंदीच झाली.

नियम इतका बारीक कातलेला आहे की वाचणाऱ्याने निर्धास्त व्हावे. आणि तरीही जानेवारी २०२३ मध्ये वृत्तपत्रांत अकोल्याची बातमी आली. एका घरातील तिघीजणी, आई आणि तिच्या दोन मुली, मागेपुढे मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्या. एकाच घरात तिघींना हा विकार व्हावा याचे डॉक्टरांना नवल वाटले. वंशपरंपरेने आलेले दुखणे म्हणावे तर तेही जुळेना. शेवटी शोध घेता घेता धागा एका गोरेपणाच्या क्रीमपर्यंत जाऊन पोचला. मुलीने ते स्थानिक पार्लरमधून घेतले होते. तिचा रंग उजळलेला पाहून आई आणि बहीणही तेच लावू लागल्या होत्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा रक्तात पारा मर्यादेच्या कितीतरी वर निघाला, आणि ज्या क्रीममध्ये दहा लाखांत एक भागही जास्त समजायचा, त्यात तो हजारांच्या आकड्यात होता.

अकोला आपल्याला काही परमुलूख नाही. खामगावच्या स्टँडवरून अकोल्याच्या गाड्या सारख्या सुटत असतात. दवाखान्याला, लग्नाच्या कापडाला, पुढच्या शिक्षणाला आपली माणसे तिथेच जातात. जी डबी अकोल्याच्या पार्लरात पोचली ती शेगाव, खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याला पोचणार नाही, अशी कोणती सीमारेषा आड आली आहे? म्हणून ही बातमी वाचून ‘अरेरे’ म्हणून पान उलटण्याजोगी ती मला वाटली नाही.

पाऱ्याने माणूस उजळ दिसतो ही गोष्ट खोटी नाही, आणि गोम तर तिथेच आहे. आपल्या त्वचेला रंग देणारे द्रव्य शरीरात ज्या क्रियेने तयार होते, त्या क्रियेलाच पारा खीळ घालतो. म्हणून दोन-चार आठवड्यांत फरक दिसतो. निव्वळ फसवे मलम असते तर बाईने एक डबी वापरून उकिरड्यावर फेकली असती. हे मलम ‘गुण देते’, म्हणून ती दुसरी डबी घेते आणि शेजारणीलाही सांगते. तेवढ्या वेळात पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. मूत्रपिंडाची बारीक चाळण बिघडली की शरीरातली प्रथिने लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, संध्याकाळी पाय सुजतात. वेळीच ओळखले आणि मलम बंद केले तर बहुतेक रुग्ण सुधारतात, असे डॉक्टर सांगतात. पण ओळखायचे कसे? पाय सुजले म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला, ‘तोंडाला काय लावता?’ असे कोण विचारतो?

केरळात विचारले गेले. मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात अशा विकाराच्या बावीस रुग्णांची नोंद ठेवली. त्यांपैकी पंधराजणांत विकाराचा एक विशिष्ट, एरवी क्वचित दिसणारा प्रकार आढळला, आणि त्या पंधरांतल्या तेराजणांनी गोरेपणाचे क्रीम वापरल्याचे कबूल केले. मूत्रपिंडाच्या विकारांवरील आंतरराष्ट्रीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. केरळच्या औषध नियंत्रण खात्याने २०२३ मध्येच ‘ऑपरेशन सौंदर्य’ या नावाने दुकानांवर छापे घालून बेनामी प्रसाधने जप्त केली. तिथे डॉक्टरांनी वही ठेवली म्हणून हा आकडा बाहेर आला. आपल्या विदर्भात अशी वही कोणी ठेवली तर तीत काय निघेल, याचा विचार करताना मन थोडे कचरते.

आता कायद्याकडे वळू. हा कायदा मुळात १९४० चा, आणि तो केवळ औषधांचा होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधने आली आणि कायद्याचे नावच ‘औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा’ असे झाले. तेव्हा साबण त्यातून वगळला होता. १९८२ च्या दुरुस्तीने तोही आत घेतला. प्रसाधन कशाला म्हणावे याची कायद्यातील व्याख्या वाचण्यासारखी आहे. शरीरावर चोळायचे, ओतायचे, शिंपडायचे, फवारायचे, जे जे म्हणून स्वच्छतेसाठी, शोभेसाठी किंवा रूप बदलण्यासाठी लावले जाते, ते सारे प्रसाधन. म्हणजे फक्त शहरी बाईची लिपस्टिक नव्हे. आजीचे पिंजर, बाळाची पावडर, यात्रेतला सुरमा, नवरीच्या हातावरची मेंदी, न्हाव्याच्या दुकानातला कलप, हे सगळे या एका व्याख्येत बसते. आपल्यापैकी ‘मी नाही बाई काही लावत’ असे म्हणणाऱ्या मुलीही सकाळपासून तीन-चार वेळा या कायद्याच्या कक्षेत येऊन जातात. मुलांनी हसू नये. गुपचूप बहिणीचे क्रीम लावणाऱ्यांची संख्या वसतिगृहात किती आहे, हे त्यांनाच अधिक ठाऊक.

या कायद्याने काही पदार्थांना सरळ बंदी केली. रंगासाठी शिशाची किंवा सोमलाची संयुगे वापरायची नाहीत. पाऱ्याचे वर आलेच. रंग कोणते वापरायचे ते भारतीय मानक संस्थेच्या यादीतलेच वापरायचे, आणि त्या रंगातही सोमल दहा लाखांत दोन भाग व शिसे वीस भाग यांहून जास्त असता कामा नये. याच संस्थेने प्रसाधनांसाठी सुरक्षित न मानल्या जाणाऱ्या द्रव्यांची वेगळी यादी केली आहे. कुंकवालासुद्धा मानक आहे! हळदीपासून होणाऱ्या पिंजराची जागा स्वस्त रासायनिक रंगांनी घेतल्यावर कपाळावर खाज, पुरळ आणि काळे डाग येऊ लागले. तेव्हा हे मानक काही उगाच आलेले नाही. टिकलीचीही तीच कथा. टिकलीच्या डिंकात वापरल्या जाणाऱ्या एका रसायनाने कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडतो, हे त्वचारोगतज्ज्ञांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. पण खेड्यात त्या डागाला कोड म्हणतात, आणि कोड म्हटले की त्या मुलीच्या लग्नाचे काय होते ते मी सांगायला नको. डिंकाचा दोष मुलीच्या नशिबावर जातो.

दुसरा वर्ग बंदीचा नव्हे, तर अटींचा. केसांच्या कलपातील पॅरा-फिनिलिन-डायअमाइन हे द्रव्य अनेकांना सोसत नाही, परंतु त्यावाचून काळा कलप करणे कठीण. म्हणून त्याला मुभा दिली, पण डबीवर सावधगिरीची सूचना हवी : आधी थोड्या जागेवर लावून पाहावे, आणि पापण्यांना किंवा भुवयांना लावू नये, लावल्यास अंधत्व येऊ शकते. ‘अंधत्व’ हा शब्द कायद्यात कोठून आला? अमेरिकेत १९३३ च्या सुमारास ‘लॅश लुअर’ नावाचा पापण्यांचा कलप विकला जाई. त्याने स्त्रियांचे डोळे गेले, एक स्त्री दगावली. त्या वेळी तिथल्या सरकारच्या हाती ते विकणे थांबवण्याइतकाही अधिकार नव्हता. १९३८ साली तिथे प्रसाधने कायद्याखाली आणली गेली त्यामागे हे प्रकरण होते. दूरच्या त्या बायकांच्या गेलेल्या डोळ्यांची आठवण आज आपल्या गावच्या कलपाच्या डबीवर बारीक अक्षरात छापलेली असते.

आणि या सूचनेची एक खुबी मला फार महत्त्वाची वाटते. ती इंग्रजीत आणि स्थानिक भाषेतही छापावी, असे नियमात सांगितले आहे. म्हणजे ज्याने हा नियम लिहिला त्याला हे कळत होते की जी सूचना वाचता येत नाही ती सूचनाच नव्हे. मग हीच अक्कल बाकीच्या डब्यांच्या बाबतीत का वापरली नाही? क्रीमच्या डबीवर घटकांची यादी असते, पण ती इंग्रजीत, आणि अक्षर असे की भिंग घेऊन बसावे. आपल्या वर्गातल्या पदवीपर्यंत आलेल्या मुलींनाही ती लागत नाही. मग शाळा सोडलेल्या त्यांच्या आयांना काय लागणार? किंमत मात्र ठसठशीत छापलेली असते.

इतके सगळे असूनही अकोल्यासारखे का घडते, याचे उत्तर शोधताना मला एक गोष्ट कळली आणि मी चक्रावून गेले. आपल्याकडे प्रसाधन बनवायला परवाना लागतो, परदेशातून आणायला नोंदणी लागते, पण विकायला परवाना लागत नाही. तापाची गोळी विकणाऱ्या मेडिकल दुकानदाराला परवाना, शिकलेला फार्मासिस्ट, बिलबुके हे सगळे ठेवावे लागते. तेच पाऱ्याचे मलम पार्लरवाली, बांगडीवाला, किराणावाला, यात्रेतला पालवाला कोणीही विकू शकतो. निरीक्षकाला दुकानात शिरण्याचा, नमुना घेण्याचा अधिकार आहे. हा माल कोणाकडून घेतला हे विक्रेत्याने त्याला सांगितले पाहिजे, असेही कायद्याच्या १८-अ कलमात आहे. परंतु परवानाच नाही, म्हणजे दुकानांची यादीही नाही. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात निरीक्षकाने शोधायचे कोणाला? औषधांच्या दुकानांची यादी त्याच्या टेबलावर असते. तो तिकडे जातो आणि काम झाले असे समजतो. त्यात त्याचा तरी किती दोष?

मागच्या महिन्यात आठवडी बाजारात एका पालावर मी अशीच एक डबी हातात घेतली होती. वर हसऱ्या बाईचे चित्र आणि परकी लिपी, बनवणाऱ्याचे नाव नाही, पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही. विकणाऱ्याला विचारले तर तो म्हणाला, “लेबल काहून पायता, ताई? गुण पहा. पंधरा दिवसांत सांगा मले.” त्याच्या बोलण्यात लबाडी मला दिसली नाही. त्यालाही ती डबी कोणीतरी गठ्ठ्याने आणून दिली होती आणि त्याचा गुणावर खरोखर विश्वास होता. डबी मी परत ठेवली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने तीच उचलली.

कोणी म्हणेल, सरकार काहीच करीत नाही असे नाही. बरोबर आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंड येथील कारखान्याचा बेबी पावडर बनवण्याचा परवाना रद्द केला होता. कारण काय? पुणे आणि नाशिक येथून घेतलेल्या नमुन्यांत पावडरची आम्ल-अल्कता मानकाबाहेर निघाली. कंपनी न्यायालयात गेली. नव्याने तपासलेले नमुने मानकात बसले, आणि ११ जानेवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. नमुना घेतल्यापासून कारवाईपर्यंत झालेल्या वर्षानुवर्षांच्या दिरंगाईवरही न्यायालयाने बोट ठेवले. योगायोग पाहा, याच जानेवारीत अकोल्याची बातमी छापून आली. एका बाजूला नाव-पत्ता असलेला मोठा कारखाना, दप्तरात नोंद, तारखांवर तारखा, नामांकित वकील. दुसऱ्या बाजूला ज्या डबीला बापाचे नाव नाही तिच्यावर खटला भरायचा कोणी आणि कोणावर? मोठ्या कंपनीला मोकळे सोडा असे मी म्हणत नाही. बाळाच्या अंगाला लागणाऱ्या वस्तूची तपासणी कडकच हवी. पण आपला कायदा ज्याची सही सापडते त्याला धरतो आणि ज्याने सहीच केलेली नाही तो सुटतो, एवढे मात्र या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की स्पष्ट दिसते.

हे सारे शहरातल्या शौकीन लोकांचे प्रश्न, असे वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्याकडे यावे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी खाज, मग ओढला की केस हातात, आणि आठवड्याभरात टक्कल. बाया, पुरुष, मुले, कोणी सुटले नाही. पुढे अठरा गावांतल्या पावणेतीनशेहून अधिक लोकांची नोंद झाली. या गावांचे नाव सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत गाजले, ते असे! पहिल्या दिवसांत बोट कोणाकडे वळले? शाम्पूकडे. दुकानातल्या पुड्यांकडे. मग कळले की ज्यांनी जन्मात शाम्पू लावला नाही त्यांचेही केस गेले. मग पाण्याकडे बोट वळले. पाण्यात नायट्रेट जास्त निघाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास करून २०२५ च्या फेब्रुवारीत निष्कर्ष मांडला की दोष रेशनच्या गव्हातील सेलेनियम या द्रव्याचा आहे.

या प्रकरणात शाम्पू निर्दोष ठरला असे धरले, तरी मला त्यातून वेगळेच काही दिसते. शाम्पूवर संशय आला तेव्हा त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध छातीठोकपणे बोलू शकेल असे कोणीही गावात नव्हते, तालुक्यात नव्हते, जिल्ह्यातही नव्हते. कोणत्या दुकानात कोणता माल येतो याची नोंद नाही, पूर्वी कधी नमुना घेतल्याचे कोणाला आठवत नाही. नमुने बांधून बाहेर पाठवायचे आणि वाट पाहायची. तोवर गावातली पोरे टोपी घालून शाळेत जाणार. आधी तपासलेलेच नसेल तर निर्दोष मालावर आळ येतो आणि दोषी माल दुसऱ्या कशाच्या तरी आडोशाला लपतो.

आडोसा कसा, ते सांगते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा आपला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारे, आणि संग्रामपूर-जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या रुग्णांची संख्या मोठी. हे वर्षानुवर्षे छापून येत आहे आणि त्याला पाणीच कारण, असे सगळे धरून चालतात. अशा गावात एखाद्या वीस वर्षांच्या मुलीचे पाय सुजले, तर घरचे, शेजारचे आणि डॉक्टरही म्हणणार, पाण्याने झाले. तिच्या फळीवरची डबी कोणी उघडून पाहणार नाही. ती औषध घेत राहील आणि रात्री क्रीमही लावत राहील. ज्या मुलखात पाण्यानेच मूत्रपिंडे दमली आहेत तिथे पाऱ्याची डबी अधिक घातक, आणि तिथेच ती सापडण्याची शक्यता सर्वांत कमी. हे माझे अनुमान आहे. जाणकार प्राध्यापकांनी त्यात चूक दाखवली तर मला आनंदच होईल.

गोरेपणाच्या हव्यासाबद्दल दर वर्षी आपल्या वार्षिकात एखादा लेख येतोच, म्हणून मी त्यात फार शिरत नाही. एवढेच म्हणते की हव्यास हा शब्द थोडा अन्यायाचा आहे. मुलगी पाहायला आलेली मंडळी पोहे खाऊन जातात आणि निरोप येतो, ‘मुलगी चांगली आहे, पण रंगाने जरा...’. ते ‘जरा’ ऐकलेल्या मुलीने डबी उघडली तर तिला उपदेश करायचा अधिकार आपल्यापैकी कितीजणांना आहे? १९७५ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सुप्रसिद्ध गोरेपणाच्या क्रीमने २०२० साली आपल्या नावातला ‘फेअर’ शब्द काढून टाकला. नाव बदलले, पण निरोप अजून तोच येतो.

आणि त्या डबीशेजारी हल्ली मेडिकलमधली ट्यूबही दिसते. खरजेवर, इसबावर द्यायचे स्टिरॉइडचे मलम गोरे होण्यासाठी तोंडाला लावायचे. त्याने कातडी पातळ होते, लाल होते, केस उगवतात, आणि सोडले की दुप्पट काळे पडते. २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले. चिठ्ठी किती दुकानांत मागतात हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

विक्रीलाही नोंदणी असावी असे मी म्हटले की एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही. पार्लर चालवणारी बाई ही बहुधा एकटीच्या कमाईवर घर चालवणारी असते. बचत गटाच्या बाया उटणे, साबण, तेल करून विकतात. त्यांच्यामागे परवान्याचे शुक्लकाष्ठ लावले तर मोठ्या कंपन्यांचे फावेल आणि निरीक्षकाला हात ओले करण्याची आणखी एक जागा मिळेल. याचा मी विचार केला. पण नोंदणी म्हणजे परवाना नव्हे. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नाव लिहायचे, माल कोणाकडून घेतला ते बिल ठेवायचे, आणि ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता व परवाना क्रमांक नाही ती दुकानात ठेवायची नाही. एवढे काम कोणत्याही पार्लरवालीला जड नाही. उलट त्याने तिचेच रक्षण होईल. अकोल्यासारखा प्रकार घडला तर गठ्ठा आणून देणारा नामानिराळा राहतो आणि लोकांच्या तोंडी नाव येते ते तिचे. बचत गटाच्या साबणाला बनवण्याचा परवाना आजही लागतोच. तो सोपा आणि स्वस्त करावा ही वेगळी मागणी, आणि मी तिच्या बाजूची आहे.

जगातही वारे याच दिशेने वाहत आहे. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. ज्या जपानी गावाचे नाव त्याला दिले आहे तिथे कारखान्याच्या पाऱ्याने मासे विषारी झाले आणि माणसे लुळी झाली, हे भूगोलाच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. २०२३ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाला भरलेल्या बैठकीत प्रसाधनांतली ती ‘दहा लाखांत एक’ची सवलतही काढून टाकून पारा घातलेली सर्व प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करावीत असे ठरले. ठराव उत्तम आहे. पण ज्या पालावर दहा लाखांत एक भागाचा नियम पोचला नाही तिथे शून्य भागाचा नियम कोणत्या गाडीने पोचणार?

म्हणून दिल्लीच्या आणि जिनिव्हाच्या भरवशावर न राहता आपल्या महाविद्यालयापुरती एक गोष्ट सुचवते. याच कायद्याच्या २६ व्या कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. त्याप्रमाणे कोणताही ग्राहक, किंवा ग्राहकांची मान्यताप्राप्त संघटना, आपण विकत घेतलेले औषध अथवा प्रसाधन ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकते आणि विश्लेषकाने सही केलेला अहवाल तिला मिळतो. त्यासाठी डॉक्टर, वकील किंवा पुढारी असावे लागत नाही. डबी विकत घेतलेली असावी, एवढेच. आपल्या विद्यार्थी मंडळाने या वर्षी बाजारातून, पार्लरमधून आणि यात्रेतून अशा तीन निनावी डब्या विकत घ्याव्यात, शक्य तिथे पावती घ्यावी आणि रीतसर अर्ज करून तपासायला द्याव्यात. फीचा खर्च स्नेहसंमेलनाच्या मंडपातली एक कमान कमी केली तरी निघेल. अहवाल काय येईल तो येवो, तो पुढच्या वार्षिकात याच पानावर जसाच्या तसा छापावा. अर्ज लिहायला आमच्या वर्गातल्या चौघीजणी तयार आहेत. अर्जावर संस्थेचा शिक्का लागल्यास तो द्यायला प्राचार्य तयार आहेत का, एवढे संपादक मंडळाने विचारून ठेवावे.